मुठीची मडकी

तारकर्ली,
ता. २२ मे १९६२

प्रिय प्रेमलता,

अनेक आशीर्वाद. ‘प्रिय’ एवढं लिहून मी लेखणी जरा खाली ठेवली होती, ते तुला आधीच सांगून टाकते. सुनेला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. वडील मालवणच्या शाळेत शिपाई होते म्हणून चौथीपर्यंत शिकले, पण त्या शिक्षणाचा उपयोग पोथी वाचण्यापलीकडे फारसा झाला नाही. बाबलीजवळ तोंडी निरोप दिला असता, तर त्यातला अर्धा तो कर्लीच्या खाडीत सांडेल आणि उरलेल्याला साखर लावून तुला देईल. मला साखर नको आहे. हे पत्र तू एकटीने वाच. विहीणबाईंना वाचून दाखवू नकोस.

बाबली काल संध्याकाळी वेंगुर्ल्याहून आला. तुला आणि पोरीला, दोघींना कधी आणतोस, असं मी विचारलं, तर पायरीवर बसून चपलेतली वाळू झाडत राहिला. तुझ्या नवऱ्याला नको ती बातमी सांगायची असली की त्याच्या चपलेत वाळू जाते, हे तुलाही एव्हाना कळलं असेल. शेवटी बोलला. तुझ्या आईने निरोप धाडला होता: “तिका पावसात हयच रवांदे. थंय काय खातली ती?” थंय, म्हणजे माझ्या घरात. काय खातली, म्हणजे माझ्या घरात खायला नसतं. तू स्वतः काय म्हणालीस ते मी दोनदा विचारलं, पण त्याला तेवढ्यात होडीकडे जायचं आठवलं. पाऊस लागला की खाडी ओलांडायची तर, ती होडी, बंद होते. आता आली नाहीस तर नारळी पौर्णिमेपर्यंत तुझं तोंड दिसायचं नाही आणि त्या पोरीचंही. तोवर ती विहीणबाईंना आजी म्हणायला शिकेल आणि मला बघून भोकाड पसरेल.

तेव्हा काय खातली, ते आधी वाच. कणगी गळ्यापर्यंत भरली आहे, उकड्या तांदळाने. बांगडे खारवून झाले आणि सुकेही बांधून वर टांगले. सुंगटं, ती कोळंबी, यंदा अशी लागली की सुकवायला वाळू पुरली नाही. सोलं, चिंच, कुळीथ, मीठ, सगळं माळ्यावर चढलं. माडाची चुडतं आणि नारळाची सोडणं सरपणाला पडवीत आढ्यापर्यंत रचलीत, तुझे मामंजी म्हणतात की आता चूल पेटवायची तर घरच पेटेल. कट्टा गावच्या बाजाराला मी यंदा एकही खेप चुकवली नाही. सुकी मासळी घेऊन जायची आणि तांदूळ घेऊन यायचे. आगोटीची, पावसाआधीची एवढी बेगमी या घराने माझं लग्न झाल्यापासून पाहिली नव्हती. विहीणबाईंना म्हणावं, हाताच्या कंकणाला आरसा कशाला, येऊन बघा. नको, बघायला बोलावू नकोस. आल्या तर राहतील.

आता एवढं सगळं करताना वाडीतल्या बायकांनी मला शाबासकी दिली असेल असं तुला वाटेल. राधाबाईने सुक्या बांगड्याचा वास घेतला आणि म्हणाली, “तुझ्या सुनेन केलेले असते तर अजून बरे झाले असते.” बाजारातला पिठाच्या गिरणीवाला विचारतो, सूनबाई कधी येणार. मांजरसुद्धा तू बसायचीस त्या पाटाजवळ जाऊन ओरडतं. तीस वर्षं या घरात मासे मी कापले, मांजराला शेपट्या मी घातल्या. तुझे मामंजी परवा पेजेचा घोट घेऊन नुसते वाटीत बघत बसले. काय झालं, विचारलं तर म्हणाले, “काय नाय. प्रेमा वायच दाट करी.” मी ती वाटी त्यांच्या पुढून उचलून नेली.

मला तुझा हेवा वाटतो, प्रेमा. वाटत होता असं लिहीत नाही. वाटतो. लग्न होऊन आलीस तेव्हा तुझी बोटं काजूच्या तेलाने काळी पडलेली होती, आणि मी मनात म्हटलं, कारखान्यातली पोर, हिला चूल काय ठाऊक. महिन्याभरात चूल तुझी झाली, बाबली तर आधीच झाला होता, आणि मी पाटी डोक्यावर घेऊन बाजाराची झाले. एकच गोष्ट मी सोडली नाही. भाताला तांदूळ मोजून झाले की त्यातली एक मूठ परत काढून मडकीत टाकायची, ही या घरची रीत. माझ्या सासूने माझ्या हातात मडकी दिली ती मरायच्या आदल्या वर्षी, तोपर्यंत तिने मला झाकणही उचलू दिलं नव्हतं. समुद्र बंद, रोजगार बंद, घरात आजारी माणूस, अशा वेळी ती मडकी उघडायची, एरवी देवालाही त्यातलं द्यायचं नाही. म्हणून भात तू शिजवायचीस, पण मूठ मी येऊन काढायचे. मी बाजाराला गेले की त्या दिवशी मूठ राहायची. राहू दे, म्हणायचे मी, उद्या मोठी काढू. उद्याची मूठ उद्या काही मोठी होत नाही, हे मला तीस वर्षांत कळलं नव्हतं.

मग कणगीच्या मागे मला तुझी मडकी सापडली. केर काढताना हात लागला. कळशीएवढी होती, वर चिंधी बांधलेली, आणि आत तांदूळ. माझ्या घरात माझ्या मडकीला सवत. मी तुझ्या मामंजींकडे फणफणत गेले. ते जाळं शिवत होते. म्हणाले, “तुझी मडकी ती तुझी, तिची ती तिची. भात एकाच टोपात शिजता मां?” पुरुषांना काय, त्यांना टोप तेवढा दिसतो. मी तुला काही बोलले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तू मापट्याने तांदूळ घेतलेस की मी मागे उभी राहून बघायला लागले. मापटं भरलेलं असायचं. एक दाणा कमी नाही. माझी मूठ काढून झाली की उरलेले सगळे टोपात जायचे. तरी आठवड्याने बघावं तर तुझी मडकी बोटभर वर. मला वाटलं हिने काही मंत्रतंत्र केलाय. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, पण थेंब कुठून पडतो ते तरी दिसायला हवं की नको?

आणि मग मी ते मोठं मडकं काढलं. आता ते तुला ठाऊक आहेच, पण मला ते माझ्या तोंडाने सांगू दे, कारण वाडीत ते अजून कुणालाच ठाऊक नाही. माझी मडकी तुझ्या मडकीपेक्षा थोडीच मोठी होती. ती मला पुरेना. सुनेच्या मडकीहून सासूची मडकी दुप्पट तरी दिसायला हवी. नवं मडकं घ्यायचं जिवावर आलं, म्हणून खाऱ्या बांगड्यांचं जुनं मडकं घासलं, राखेने घासलं, उन्हात तापवलं, वास गेला, आणि त्यात माझे सगळे तांदूळ ओतून तोंड लिंपून टाकलं. बाजारात मीठमासळी विकून केस पांढरे झालेली बाई मी. ज्या मातीने मीठ प्यायलं ती माती पावसात घाम गाळते, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? नाकापेक्षा मोती जड घातला, दुसरं काय.

गेल्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला. विहीणबाईंनी बाबलीला अधिकाचं वाण पाठवलं, अनारसे कसे जाळीदार झाले होते ते त्याने मला चार वेळा सांगितलं. अधिक महिन्याचा एवढाच अर्थ त्या वेळी घरात सगळ्यांना कळला. नारळी पौर्णिमा महिनाभर पुढे गेली आणि होडी तेवढी जास्त दिवस शाकारलेलीच राहणार, हा हिशेब बेगमी भरताना माझ्याही डोक्यात आला नाही. त्यात पाऊस तसला. तुझे मामंजी तापाने निजले, बाबलीला लावणीची मजुरी मिळत होती तीही शेतं वाहून गेल्यावर थांबली. कणगी खरवडून झाली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, घाबरू नका, माझं मडकं आहे. लिंपण फोडलं. आतून जो वास आला तो अजून माझ्या नाकात आहे. हात घातला तर तांदळाचा काळा गोळा. तुझे मामंजी आतल्या खोलीतून विचारत होते, निघाले काय तांदूळ? 

त्यांना उत्तर तू दिलंस. “निघाले. आयेच्या मडकीतले आसत, खूप आसत.” असं म्हणून कणगीमागची तुझी मडकी काढून आणलीस आणि पेज टाकलीस. माझं मडकं तू परसात कुठे पुरलंस ते मी आजवर विचारलं नाही. तुझ्या त्या कळशीएवढ्या मडकीवर आम्ही पौर्णिमेपर्यंत तरलो, बाबलीने समुद्राला नारळ दिला तोपर्यंत तळाला दाणे होते. वाडीभर झालं की हौसाबाईच्या मडकीने घर राखलं. राधाबाई देवळात सगळ्यांसमोर म्हणाली, “हौसाबायन घर तारल्यान.” तू माझ्या शेजारी उभी होतीस आणि मान डोलवत होतीस. त्या वेळी मला तुझा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता. तू चारचौघांत म्हणाली असतीस, तांदूळ माझे होते, तर मी तुझ्याशी भांडले असते, आणि भांडून मोकळी झाले असते. तू चांगुलपणातही माझ्या पुढे गेलीस. सासूला करायला काय ठेवलंस मग?

आणि तरी ते कोडं सुटत नव्हतं. मापटं भरलेलं, मूठ एकच, ती माझी. मग तुझ्या मडकीत तांदूळ आले कुठून? चोरी म्हणावी तर घरातलं काही कमी झालेलं नाही. माहेराहून आणतेस म्हणावं तर माहेरी तू वर्षाला एकदा जायचीस. असं कित्येक महिने ते माझ्या मनात खुपत राहिलं.

बारशाला मी वेंगुर्ल्याला आले होते. काय थाट होता तुमच्या घरी. पाळण्याला अबोलीचे वळेसर, पाहुण्यांना खीर, आणि विहीणबाई पोरीला मांडीवर घेऊन अशा बसल्या होत्या की जणू ती त्यांनीच जन्माला घातली. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, आत्ताच डोळा लागलाय. नाव जानकी ठेवलं, मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं, माझ्या आईचं नाव ते, पण विचारायला काय झालं होतं? पोर शेवटी माझ्या मांडीवर आली तेव्हा मी तिचं नाक आमच्या बाजूचं आहे का ते बघत होते. नाक राहिलं बाजूला. मला तिचं वजनच लागेना. सुक्या मासळीची पुडी हातात घेतली तर जास्त लागते. मी म्हटलं, बारीक आहे हो. विहीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, आईच्या पोटात मिळालं तेवढंच अंगावर येतं. मला वाटलं नेहमीचं टोचणं आहे.

मग पंगत बसली. तुझ्या आईने तुला भात वाढला, तूप घातलं. आणि तू काय केलंस ते तुला आठवतही नसेल. उजवा हात पानात गेला, तू बोटांनी मूठभर भात उचललास आणि टोपात परत टाकलास. सहज, पदर सारखा करावा तसा. विहीणबाई ओरडल्या, “गो प्रेमा, वाढलेलो भात परत कित्याक घालतंस? ह्यां खंयसून शिकलंस?” तू हसून म्हणालीस, “सवय झाली गो आये.” सगळ्या बायका हसल्या. मी हातातला घास खाली ठेवला. माझ्या घरी तू सगळ्यात शेवटी जेवतेस. मी बाजारातून दमून आलेली, जेवून कलंडलेली असते. टोपात उरेल ते तुझं, आणि तुझ्या त्या वाट्याची मूठ तू सकाळीच, मी पाठ वळवली की, टोपात पडलेल्या कच्च्या तांदळातून कुणाला न दिसता काढून ठेवलेली असायची. म्हणून मापटं पुरं भरलेलं. मी मापट्याकडे बघत राहिले, तुझ्या पानाकडे मी कधी बघितलंच नाही. आणि मागच्या पावसात, ज्या दिवसांत मडकीतल्या पेजेचं पाणी सुद्धा तू आम्हाला आधी वाढत होतीस, त्या दिवसांत ही पोर तुझ्या पोटात होती. महिने मोजायला मला पंचांग लागलं नाही. मी पोट दुखतंय सांगून पानावरून उठले आणि मिळेल त्या तरीने घरी आले.

घरी आल्यावर मी हट्टाने तुझं करून बघितलं. तुझी मडकी कणगीमागून काढली आणि रोज माझ्या वाट्यातली मूठ तिच्यात टाकायला लागले. म्हटलं, तिला जमतं ते मला न जमायला काय झालं. दुपारपर्यंत पोटात कावळे. बाजाराच्या दिवशी कट्ट्याच्या चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली, पाटी खाली ठेवून बसले. चार दिवसांत मी हात टेकले. तू ते पोटुशी असताना, हसत, कुणाला कळू न देता, किती दिवस रेटलंस देव जाणे. उपाशी राहण्यातही तू मला मागे टाकलंस, प्रेमा, आणि हा हेवा मात्र मला पचत नाही.

म्हणून हे लिहायला बसले. विहीणबाई म्हणतात ते खोटं नाही, हे त्यांना सांगू नकोस, पण तुला सांगते. थंय काय खातली, याचं उत्तर माझ्या कणगीत नाही, ते मला काल बाबली वाळू झाडत होता तेव्हाच कळलं. कणगी मागच्या आगोटीलाही भरलेली होती. तर आता नीट ऐक. घरात मडकी एकच राहील. मूठ निघेल ती सगळ्यांच्या मापट्यातून, चुलीसमोर, सगळ्यांच्या देखत. मी बाजाराला गेले तर तू काढ, आणि झाकण तुझ्या हाताने लाव. माझी सासू जे मरायला टेकल्यावर देऊन गेली ते मी धडधाकट असताना देते आहे, तेवढा तरी मोठेपणा मला मिळू दे. बाबली परवा सकाळी तुमच्याकडे येईल, त्याच्याबरोबर दोघी या. आणि आलीस की पहिल्या दिवसापासून तू माझ्या शेजारी पान मांडून बसायचं, माझ्या नंतर नाही. वाढायला मी उभी राहीन. विहीणबाईंनी वाढलेला भात तू परत टोपात टाकलास. मी वाढलेला टाकून बघ.

तुझीच, विहीणबाई काहीही म्हणोत,
आये
(हौसाबाई)